पंच पाहिजेत, खेळता यायची अट नाही

आमच्या हौशी टेनिस मंडळाचं दर महिन्याला एक पत्रक निघतं. चार पानं, मध्ये एक पिन. ते मी काढते. आसपासच्या अकरा गावांतले खेळाडू मंडळात आहेत. त्यामुळे कोण जिंकलं, कोण हरलं, कुठलं कोर्ट दुरुस्तीला बंद आहे, कुणाला डबल्ससाठी जोडीदार हवाय, कुणाची सवय मोडली म्हणून रॅकेट द्यायची आहे, असला सगळा मजकूर त्यात असतो. मी सार्वजनिक वाचनालयात नोकरी करते, म्हणून छपाईचं मशीन हाताशी. आणि मी खेळते इतकी बेताची, की बातम्या देताना मी कुणाची बाजू घेते असा संशय कुणाला येत नाही.

त्या महिन्यात पहिल्याच पानावर मंडळाची एक सूचना मोठ्या अक्षरांत घ्यायची होती. ती अशी: 'पंच पाहिजेत. वयाची अट नाही. खेळता यायची अट नाही. दोन शनिवार-रविवार प्रशिक्षण, मग परीक्षा. पास होणाऱ्यांना या मोसमाचे सामने मिळतील. चांगलं काम करणाऱ्यांना विभागीय स्पर्धेत संधी.'

ही सूचना द्यायची वेळ आली ती एका माणसामुळे. पण ते सूचनेत लिहिता येत नव्हतं. एका मोसमात आमचे तीन पंच सोडून गेले होते, आणि तिघांनाही घालवलं होतं दातांच्या डॉक्टरांनी. दवाखान्यात हा माणूस लोण्यासारखा मऊ. अर्ध्या गावाच्या दाढा त्यांच्या भरवशावर. पण हातात रॅकेट आली की डॉक्टरांच्या अंगात कोणीतरी दुसराच शिरायचा. बॉल आउट दिला की दोन्ही हात कमरेवर. मग नेटपर्यंत चालत येणं, मग पंचाच्या खुर्चीखाली उभं राहून, "तुम्ही नेमकं काय बघितलं ते मला समजावून सांगा." एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी त्यांना चार वेळा समजावून सांगितलं, पाचव्या वेळी खुर्चीवरून उतरले, टोपी घेतली आणि दुसरा सेट अर्धा टाकून घरी गेले.

आता माझ्या आत्याबद्दल सांगते. बाबांची ही थोरली बहीण. आमच्या मागच्याच गल्लीत एकटी राहते. तिने एकोणतीस वर्षं बस डेपोच्या घोषणेच्या खोलीत काढली. काचेच्या मागे बसून, माइकसमोर, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते आहे ते सांगायचं. गावात तिचा चेहरा फारसा कुणी ओळखत नाही, पण आवाज सगळे ओळखतात. ती दुकानात जाऊन "अर्धा डझन लिंबं द्या" म्हणाली, की शेजारी उभा असलेला माणूस आधी घड्याळ बघतो. पुढे डेपोत रेकॉर्ड केलेल्या घोषणा आल्या आणि तिला विसरलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे छत्र्यांशी काय बोलणार. शेवटची दोन वर्षं तिने कशीबशी काढली आणि त्या वर्षी निवृत्त झाली.

तेव्हापासून ती रोज दुपारी चार वाजता आमच्याकडे चहाला यायची आणि हाताला लागेल ते मोठ्याने वाचायची. औषधाच्या खोक्याची मागची बाजू, विजेचं बिल, बाबांच्या नव्या बनियनवरची धुण्याची सूचना. बाबा म्हणायचे, "घरात रेडिओ आहे, बंद करायचं बटण तेवढं नाही." मी मात्र तिला पत्रकाचा कच्चा मजकूर वाचायला द्यायचे, कारण तिने मोठ्याने वाचलं की चुका आपोआप ऐकू यायच्या.

त्या दिवशी तिने ती सूचना वाचली, आणि 'खेळता यायची अट नाही' इथे थांबली.

"हे काय? पंचाला खेळता आलं नाही तरी चालतं?"

"चालतं. नियम पाठ हवेत, नजर हवी आणि आवाज हवा," मी म्हणाले.

आत्याने कागद खाली ठेवला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आईने बाबांकडे.

"वयाची अट नाही हे तुझ्या मनचं, की मंडळाचं?"

"मंडळाचं."

"मग पहिलं नाव माझं लिही."

बाबांचा चहा कपातच राहिला. "अक्का, अगं, तू जन्मात टेनिसचा सामना बघितलेला नाहीस."

"मी जन्मात बसही चालवलेली नाही," आत्या म्हणाली. "एकोणतीस वर्षांत कुणाची गाडी चुकली का?"

"ती खुर्ची उंच असते. पडलीबिडलीस म्हणजे?"

"म्हणजे तू उचलायला ये." तिने कागद पुन्हा हातात घेतला आणि पुढची बातमी वाचायला लागली, पण आवाजात काहीतरी चढलं होतं. कोर्ट नंबर दोनची माती बदलली ही बातमी तिने अशी वाचली, की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

प्रशिक्षणाला आठ जण आले. शिकवणाऱ्या होत्या आमच्या मुख्य रेफरी. त्या जमीन मोजणी खात्यात नोकरीला. शेतांच्या हद्दीवरून हमरीतुमरीवर आलेल्या माणसांमध्ये उभं राहून फीत धरण्यात त्यांची उमर गेलेली. त्यामुळे टेनिस कोर्टाची पांढरी रेषा त्यांना अगदीच सोपं प्रकरण वाटायचं. मंडळात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणतात. आत्या पहिल्या बाकावर जाड वही घेऊन बसली आणि पहिल्या दहा मिनिटांतच तिने हात वर केला.

"शून्याला लव्ह का म्हणायचं?"

"तशी पद्धत आहे," मोजणीबाई म्हणाल्या.

"म्हणजे ज्याला काहीच मिळालं नाही, त्याला निदान लव्ह तरी. बरं आहे." तिने लिहून घेतलं. मोजणीबाई हसल्या नाहीत, पण खडू बदलायच्या निमित्ताने फळ्याकडे वळल्या.

पुढचे दोन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पंचाचा स्कोअरचा कागद चौकोनाचौकोनांचा असतो. प्रत्येक पॉइंटला एक तिरकी रेघ, चुकलेल्या सर्व्हिसला एक टिंब. आत्याने तसले पन्नास कागद माझ्याकडून छापून घेतले आणि सराव म्हणून दिसेल त्याचा स्कोअर ठेवायला लागली. आई आणि बाबांची वादावादी झाली की ती कोपऱ्यात बसून रेघा मारायची आणि शेवटी म्हणायची, "गेम वहिनी. वहिनी दोन गेमनी पुढे."

सकाळी साडेसहाला ती कोर्टावर हजर. बाकावर बसायची आणि जो कोणी खेळत असेल, त्याचा प्रत्येक बॉल पुकारायची. एक बँकवाले गृहस्थ एकटेच सर्व्हिसचा सराव करत होते. त्यांना तिने चाळीस मिनिटं "फॉल्ट. डबल फॉल्ट. फॉल्ट" असं ऐकवलं. शेवटी ते जवळ येऊन म्हणाले, "बाई, मी नुसती सवय करतोय हो." आत्या म्हणाली, "मीपण."

परीक्षेत चाळीस प्रश्न होते. तिचे अडतीस बरोबर आले. एक चूक तिने मान्य केली. दुसऱ्या चुकीवर मात्र नियमांचं पुस्तक उघडून मोजणीबाईंसमोर बोट ठेवलं. मोजणीबाईंनी दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि अडतीसचे एकोणचाळीस केले. त्या दिवशी आत्या आमच्याकडे चहाला आली ती पळतच. दारातूनच म्हणाली, "पास. आणि प्रश्नपत्रिकाही मी दुरुस्त करून आले."

सुरुवातीला तिला छोटे सामने मिळाले. नवशिक्यांचे, बायकांच्या डबल्सचे. पहिल्या दिवशी तिने एक नंबरच्या कोर्टावर "टाइम" म्हटलं, म्हणजे सराव पुरे, आता खेळ सुरू, आणि चार नंबरच्या कोर्टावरच्या जोड्यांनीही सराव थांबवून सर्व्हिस सुरू केली. मोजणीबाईंनी तिला बाजूला घेऊन आवाज थोडा आवरायला सांगितलं. आत्याने आवरला. तरी कुंपणाबाहेर सायकलवरून जाणारी माणसं पाय टेकून स्कोअर ऐकायला लागली. पत्रकात मी पहिल्यांदाच पंचाचं नाव स्कोअरच्या खाली छापलं. तोपर्यंत आम्ही कधीच छापत नव्हतो, आणि का छापत नव्हतो हे कुणालाच सांगता येईना.

मग चाळिशीपुढच्या पुरुषांची फायनल आली. एका बाजूला दातांचे डॉक्टर. दुसऱ्या बाजूला अग्निशमन केंद्रातले ड्रायव्हर. त्यांना सगळे बंबवाले म्हणतात. अंगाने दांडगे, बोलायला अगदी कमी. खेळतानाही, आग विझवायला निघालेल्या माणसाला दुसरं काही सुचू नये, तसे खाली मान घालून पळायचे.

मोजणीबाईंनी सगळ्या पंचांना बोलावून विचारलं, "रविवारची फायनल कोण घेतंय?" जुने पंच कोणी नखं बघायला लागले, कोणी बुटाची नाडी बांधायला लागले. नव्यांच्या तर तोंडचं पाणी पळालं होतं. आत्याने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "कुणाला नको असेल तर मी घेते. माझी एक दाढ त्यांच्याकडे अर्धवट राहिली आहे, तेवढं तुम्हाला चालत असेल तर."

"दाढ चालेल," मोजणीबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी दहा वाजता कोर्टाभोवती दीडशे तरी माणसं होती. आमच्या सामन्यांना सहसा खेळाडूंच्या बायका आणि दोन कुत्री एवढाच प्रेक्षकवर्ग असतो. बातमी पसरली होती. लोक सामना बघायला थोडे आणि डॉक्टर विरुद्ध बसवाल्या बाई बघायला जास्त आले होते. आई-बाबा पहिल्या रांगेत बसले होते. बाबांनी तर सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी स्कोअरच्या पाट्या बदलायला उभी होते.

आत्या पांढरी टोपी घालून आली. मोजपट्टीने नेटची उंची तपासली, नाणं उडवलं, शिडी चढून खुर्चीवर बसली, चष्म्याची दोरी मानेमागे घट्ट केली. "टाइम," ती म्हणाली, आणि दीडशे माणसं गप्प झाली.

तिसऱ्याच गेममध्ये डॉक्टरांचा एक बॉल तिने आउट दिला. रॅकेट खाली, हात कमरेवर, आणि डॉक्टर चालत खुर्चीखाली आले.

"बाई, तो आत होता."

"आउट होता."

"तुम्हाला तिथून दिसलं?"

"दिसलं म्हणूनच म्हणाले."

"मला जरा समजावून सांगा, तुम्ही नेमकं—"

"डॉक्टर," आत्या खाली वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी तुमच्या खुर्चीत बसते तेव्हा कुठली दाढ धरायची ते तुम्हाला ठरवू देते. या खुर्चीतलं मला ठरवू द्या. थर्टी-फिफ्टीन."

हशा पिकला. डॉक्टर परत आपल्या जागेवर गेले. मोजणीबाईंनी छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. ते चांगलं लिहिलं की वाईट, हे काही त्यांच्या तोंडावरून कळेना.

पहिला सेट डॉक्टरांनी सहा-चार असा घेतला, दुसरा बंबवाल्यांनी सहा-तीन. तिसरा असा चालला, की माझ्या हातातल्या पाट्या घामाने निसटायला लागल्या. चार-चार. मग डॉक्टर पाच-चार, सर्व्हिस त्यांचीच, फॉर्टी-थर्टी. एक पॉइंट आणि सामना खिशात.

सर्व्हिस झाली, बॉल परत आला, पुन्हा गेला. बारा-पंधरा फटके झाले असतील. मग बंबवाल्यांनी जीव खाऊन एक तिरका फटका मारला. बॉल डॉक्टरांच्या उजव्या कोपऱ्यात, रेषेपाशी पडला. डॉक्टरांनी रॅकेट नुसती पुढे केली होती, तेवढ्यात आत्याचा आवाज आला, "आउट." आणि लगेच, "गेम, सेट अँड मॅच—"

डॉक्टरांनी दोन्ही हात वर केले. टाळ्या सुरू झाल्या. बंबवाले मात्र नेटकडे आले नाहीत. तिथेच उभे राहून ते शांतपणे म्हणाले, "बाई, एकदा खूण बघता का?"

मातीच्या कोर्टावर बॉल पडला की लंबगोल खूण उमटते, आणि शंका आली तर पंचाने खाली उतरून ती बघायची असते. आत्या उतरली. टाळ्या विरल्या. ती डॉक्टरांच्या बाजूला गेली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, चष्मा वर केला, परत खाली केला. मी चार पावलांवर होते. मातीत खूण अर्धीच होती. उरलेला अर्धा गोल असायला हवा होता तिथे पांढरी पट्टी होती. बॉल रेषेवर पडला होता. आत्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

तिने कुणाकडेही बघितलं नाही. सरळ उभी राहिली आणि ज्या आवाजात आउट म्हणाली होती, त्याच आवाजात म्हणाली, "दुरुस्ती. बॉल आत. चूक माझी. पॉइंट पुन्हा खेळायचा. फॉर्टी-थर्टी."

डॉक्टरांचे हात अजून अर्धे वरच होते. "असं कसं? तुम्ही मॅच म्हणालात. एकदा जाहीर केलं म्हणजे केलं. हे सगळे साक्षीदार आहेत."

"म्हणाले, आणि ते चुकीचं होतं."

"मग आता शब्द फिरवणार?"

"फिरवणार. गाडी दोन नंबरच्या फलाटावर लागणार म्हणून मी सांगितलेलं असायचं, आणि ती लागायची पाच नंबरला. तेव्हा मी लगेच दुसरी घोषणा करायचे. लोक मला शिव्या देत पळायचे, पण बरोबर गाडीत बसायचे. खेळा, डॉक्टर."

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना मोजणीबाईंकडे वळल्या. डॉक्टरांचीही वळली. मोजणीबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. त्यांनी एकदाच मान हलवली.

पॉइंट पुन्हा खेळला गेला. डॉक्टरांचा बॉल नेटमध्ये गेला. ड्यूस, म्हणजे बरोबरी. पुढचे दोन पॉइंट बंबवाल्यांनी घेतले, पाच-पाच. मग सहा-पाच. मग सात-पाच. बंबवाले जिंकले, आणि त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. ते खालच्या मानेने पुढची सर्व्हिस घ्यायलाच निघाले होते. डॉक्टरांनी त्यांच्याशी हात मिळवला. पंचाशी मात्र मिळवला नाही. बॅग उचलली आणि निघून गेले.

घरी येताना आत्या एक शब्द बोलली नाही. असं पूर्वी झालेलं कुणाला आठवत नव्हतं. चहा पुढे ठेवल्यावर ती एवढंच म्हणाली, "पण चुकले तर होतेच ना मी."

"वन्सं, घ्या हो चहा," आई म्हणाली. बाबा बिस्किटाचा डबा तिच्याकडे सरकवत राहिले, तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर वाचनालयात आले. दोन पानं टाइप केलेली तक्रार त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणे पत्रकात छापा. जाहीर झालेला निकाल फिरवला, पंचाला अनुभव नाही, बस डेपोची उदाहरणं टेनिसला लागू नाहीत, असा सगळा मजकूर होता. मी पेचात पडले. न छापावं तर आत्याची बाजू घेतली असं होणार, छापावं तर आत्याला लागणार. शेवटी मी तो कागद घेऊन मागच्या गल्लीत गेले.

आत्याने तो उभ्यानेच वाचला. या वेळी मनातल्या मनात. "भाषा चांगली आहे," ती म्हणाली. "सगळं छाप. एक शब्द काढू नकोस. खाली माझं दोन ओळींचं उत्तर घाल."

ते उत्तर असं होतं: 'बॉल आत होता. मी आधी चुकीचं सांगितलं, मग बरोबर सांगितलं. नियमांच्या पुस्तकात पान सत्तावीस.'

आमचं पत्रक एरवी खेळाच्या सामानाच्या दुकानात महिनाभर गठ्ठ्याने पडून असायचं. ते त्या वेळी तीन दिवसांत संपलं. मला दोनदा परत छापावं लागलं. ज्यांनी टेनिस कधी बघितलं नव्हतं, ते पान सत्तावीसवर काय आहे म्हणून वाचनालयात नियमांचं पुस्तक मागायला लागले. आणि दुसऱ्याच आठवड्यात पंचांच्या पुढच्या वर्गासाठी नावं यायला सुरुवात झाली. आधी बंबवाल्यांच्या बायकोचं आलं. मग बेकरीवाल्यांचं. मग त्या बँकवाल्या गृहस्थांचं, ज्यांची सर्व्हिस आता कधी फॉल्ट जात नव्हती. एकूण अकरा झाली. बारावा अर्ज आमच्या स्वयंपाकघरातून आला.

"तू?" बाबा आईला म्हणाले.

"खेळता यायची अट नाही," आई म्हणाली. "आणि तीस वर्षं या घरात स्कोअर कुणी ठेवलाय?"

तेराव्या अर्जावर मी दोनदा नजर फिरवली. दातांच्या डॉक्टरांचा होता. 'हेतू' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'नियम स्वतः तपासून घेण्यासाठी.' वर्गात ते पहिल्या बाकावर बसले आणि पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी सहा वेळा हात वर केला. मोजणीबाईंनी त्यांना एका सरावाच्या सामन्यात खुर्चीवर बसवलं. एक फटका आत की बाहेर यावर दोन्ही खेळाडू खाली येऊन वाद घालायला लागले, तेव्हा डॉक्टर वरून काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, मला जे दिसलं तेच सांगतोय ना." पुढच्या आठवड्यात त्यांनी आत्याला फोन केला. मला वाटलं, आता काय नवीन. आत्या ऐकत होती, हं, हं, म्हणत होती. फोन ठेवून म्हणाली, "दाढेसाठी उद्या अकराला बोलावलंय. आणि खूण बघताना चष्मा वर करायचा की खाली, ते विचारत होते."

मोजणीबाई स्वतः आमच्या घरी आल्या त्या एका दुपारी, बरोबर चहाच्या वेळेला. हातात लांब पाकीट. आत्याच्या तोंडचा रंग उडाला. तिला वाटलं, तक्रारीचा निकाल आला.

"विभागीय स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे," मोजणीबाई बसत म्हणाल्या. "चार दिवस, सोळा कोर्टं. प्रत्येक मंडळाने एक पंच पाठवायचा. मी तुमचं नाव पाठवलं होतं. त्यांनी घेतलंय."

आत्याने पाकीट हातात घेतलं, पण उघडलं नाही. "कधी पाठवलंत?"

"फायनल झाली त्याच दिवशी, दुपारी."

"मी चुकले त्या दिवशी?"

"खूण बघायला सगळेच उतरतात," मोजणीबाई म्हणाल्या. "खाली उतरून स्वतःच्याच विरुद्ध निकाल देणारं माणूस मी नोकरीत दोनदा बघितलं आणि कोर्टावर एकदा. साखर एक चमचा चालेल मला."

आत्याने पाकीट उघडलं. आणि मग तिने ते पत्र वाचलं. मोठ्याने, तारखेपासून सहीपर्यंत, राहण्याची सोय, बिल्ला कुठे मिळेल, पांढरे बूट आणणे, सगळं. शेजारच्या घरातली बाई खिडकीत येऊन उभी राहिली. पत्र संपल्यावर तिने विचारलं, "परत एकदा वाचता का?" आत्याने परत वाचलं. बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ काहीतरी शोधत असल्याचं दाखवत राहिले.

स्पर्धेला आम्ही सगळेच गेलो. सोळा कोर्टं एका ओळीत मी प्रथमच बघितली. सकाळचं कोवळं ऊन, पाणी मारलेली लाल माती, नव्या बॉलचे डबे उघडल्याचा फस्स आवाज, आणि चहूबाजूंनी इतके खेळाडू, की मला एकाच वेळी सगळीकडे पळावंसं वाटत होतं. वही भरत चालली होती. कुठल्या गावात रविवारी नवशिक्यांसाठी कोर्ट मोकळं ठेवतात, कुठे साठीपुढच्यांची वेगळी साखळी सुरू झाली आहे, कुणाला आमच्याशी मैत्रीचा सामना खेळायचा आहे. मी आजवर आमच्या अकरा गावांच्या बातम्या काढत बसले होते, आणि इथे एका कुंपणाजवळ उभं राहून मला सहा महिने पुरतील एवढ्या मिळाल्या. एका बाईंनी तर मला डबल्सला जोडीदार म्हणून विचारलं. मी बेताची खेळते असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मी कुठे मोठी लागून गेले आहे? मार्चमध्ये या खेळायला." मी हो म्हणून बसले.

आत्याला सात नंबरचं कोर्ट मिळालं होतं. पहिला सामना दोन बायकांचा, दोघी साठीच्या पुढच्या. वर्षानुवर्षं एकमेकींशी खेळत आलेल्या, असं कोणीतरी सांगितलं. एकीच्या गुडघ्याला पट्टा, दुसरी डावखुरी. आत्या खुर्चीवर चढली. गळ्यात विभागाचा बिल्ला. तिने दोघींची नावं पुकारली आणि शेजारच्या कोर्टावरच्या पंचाने वळून बघितलं.

पहिलाच पॉइंट लांबला. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईंनी एक बॉल इतका अलगद नेटपलीकडे सोडला, की बाबांना राहवलं नाही. पॉइंट संपायच्या आत ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. डावखुऱ्या बाई बिचकल्या, तरी धावत जाऊन त्यांनी बॉल परत टाकला. दोन फटक्यांनी पॉइंट संपला, तोपर्यंत बाबांचे हात कधीच खाली आले होते.

आत्याने कागदावर रेघ मारली, स्कोअर पुकारला. मग मान वळवून सरळ बाबांकडे बघितलं. "प्रेक्षकांना विनंती आहे, पॉइंट संपल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत."

सगळं कोर्ट आमच्याकडे बघत होतं. आईने पदर तोंडाला लावला. बाबा हळूच खाली बसले, शेजारच्या अनोळखी माणसाकडे झुकले आणि म्हणाले, "मला म्हणाली. माझी बहीण आहे ती."